हॉस्पिटल निवडताना डॉक्टरचं नाव विचारता, मग सिस्टरबद्दल का नाही?

घरातल्या कुणाला ॲडमिट करायची वेळ आली की तुमच्यापैकी अनेकजण मला फोन करतात. प्रश्न ठरलेले असतात. "सर, तिथले सर्जन कसे आहेत? एमआरआयची सोय आहे का? कॅशलेस चालतं का? स्वतंत्र रूम मिळेल का?" पंचवीसहून अधिक वर्षांच्या प्रॅक्टिसमध्ये हे प्रश्न मी असंख्य वेळा ऐकले. पण "रात्री एका सिस्टरकडे किती पेशंट असतात आणि तिला काम कुणी शिकवलंय?" हे मला आजवर एकाही नातेवाइकाने विचारलेलं नाही.

आता जरा हिशेब करा. डॉक्टर सकाळी राउंडला येतो, पाच-दहा मिनिटं पेशंटजवळ थांबतो. संध्याकाळी पुन्हा पाच मिनिटं. उरलेले पावणेचोवीस तास तुमचा माणूस सिस्टरच्या हवाली असतो. इंजेक्शन बरोबर आहे की नाही, सलाईन किती वेगाने जातंय, लघवी किती झाली, सुईच्या जागी सूज आली का, कूस बदलली का, हे सगळं ती बघते. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पेशंट बिघडतोय हे पहिल्यांदा तिच्याच लक्षात येऊ शकतं. तिच्या लक्षात आलं नाही, किंवा लक्षात येऊनही तिला ते सांगता आलं नाही, तर माझी एमडीची डिग्री काही कामाची नाही.

आज मी जे लिहिणार आहे ते माझ्या काही डॉक्टर मित्रांना आवडणार नाही. माझं म्हणणं असं आहे की आपल्याकडचं नर्सिंग कमी पडतं ते सिस्टर आळशी असतात म्हणून नाही. आम्ही डॉक्टरांनी आणि हॉस्पिटलच्या मालकांनी नर्सिंग हे शिकवण्याचं, घडवण्याचं आणि नेतृत्वाचं काम आहे असं कधी मानलंच नाही, म्हणून ते कमी पडतं. आम्हाला हुकूम ऐकणारे हात हवे होते. त्या हातांना डोळे, डोकं आणि आवाजही असतो, हे आम्ही विसरलो.

रात्री दोनचा फोन

दुसऱ्यांकडे बोट दाखवण्याआधी माझीच गोष्ट सांगतो. बरीच वर्षं झाली. एका हॉस्पिटलमध्ये माझ्या पेशंट असलेल्या चौसष्ट वर्षांच्या आजी लघवीच्या जंतुसंसर्गासाठी दाखल होत्या. मधुमेह जुना, ब्लडप्रेशरही जुनं. दुसऱ्या रात्री दोनच्या सुमाराला फोन आला.

"सर, सात नंबरच्या आजी बऱ्या वाटत नाहीयेत."

"बऱ्या वाटत नाहीत म्हणजे काय? बीपी किती?"

"एकशे दहा-सत्तर, सर."

"ताप?"

"नाही सर."

"मग झालं तर. झोप लागत नसेल. सकाळी बघतो."

"हो सर."

सकाळी सातला पोचलो तेव्हा आजींचे हातपाय गार पडले होते, वरचं बीपी सत्तरवर आलं होतं आणि रात्रभरात लघवी जेमतेम झाली होती. जंतुसंसर्ग रक्तात पसरला होता. यालाच आम्ही सेप्सिस म्हणतो. आयसीयूत हलवलं, सगळं केलं. पाचव्या दिवशी आजी गेल्या.

नंतर मी त्यांचा चार्ट उघडला. रात्री दोनच्या रकान्यात त्या सिस्टरच्या अक्षरात लिहिलेलं होतं: श्वास मिनिटाला २८. मोठ्या माणसाचा श्वास साधारण १२ ते २० असतो. २८ ही धोक्याची घंटा होती. आजींचं नेहमीचं वरचं बीपी १६० च्या घरात असायचं, म्हणजे ११० हा आकडा त्यांच्यासाठी 'नॉर्मल' नव्हताच, ती घसरण होती. सिस्टरने अचूक मोजलं होतं आणि अचूक ओळखलं होतं. फक्त त्यातलं नेमकं काय सांगायचं हे तिला कळलं नाही, आणि नेमकं काय विचारायचं हे मला सुचलं नाही.

मी वॉर्डच्या इनचार्ज सिस्टरकडे तक्रारीच्या सुरात बोललो. त्या बाईंनी माझं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "सर, ती मुलगी तीन आठवड्यांपूर्वी रुजू झाली. त्या रात्री तिच्याकडे सोळा पेशंट होते. डॉक्टरांना फोन कसा करायचा हे तिला कुणी शिकवलेलं नाही. आणि मागच्याच आठवड्यात दुसऱ्या एका सरांनी रात्री उठवलं म्हणून तिला फोनवर झापलं होतं."

माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या फोननंतर मी लगेच गेलो असतो तर आजी नक्की वाचल्या असत्या असं मी म्हणत नाही. पण सेप्सिसमध्ये पाच तास म्हणजे फार मोठा काळ असतो. ते पाच तास आम्ही दोघांनी मिळून घालवले. आणि दोष वाटायचाच झाला तर माझ्या वाट्याला जास्त येतो.

सिस्टर घडवावी लागते

जीएनएमचा तीन वर्षांचा डिप्लोमा किंवा बी.एस्सी. नर्सिंगची चार वर्षांची पदवी घेऊन मुलगी बाहेर पडते. एमबीबीएस झालेल्या मुलाला आपण थेट सर्जरी करायला उभं करत नाही. तो इंटर्नशिप करतो, रेसिडेन्सी करतो, वर्षानुवर्षं सीनियरच्या हाताखाली शिकतो. मग सिस्टरला मात्र रुजू झाल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात एकटीने रात्रपाळी कशी काय देता येते? अनेक ठिकाणी हेच होतं. पोहता येतं का हे न बघता विहिरीत ढकलून द्यायचं, आणि बुडाली की म्हणायचं, "हल्लीच्या मुलींना कामच नको असतं."

चांगलं नर्सिंग कसं टिकतं याचं उदाहरण आपल्या मुंबईतच आहे. केईएम हॉस्पिटलच्या परिचारिकांनी त्यांच्या एका सहकारी परिचारिकेची १९७३ पासून २०१५ पर्यंत, म्हणजे ४२ वर्षं, अंथरुणाशी खिळलेल्या अवस्थेत शुश्रूषा केली. सर्वोच्च न्यायालयाने २०११ च्या निकालात या सेवेचं मनापासून कौतुक केलं. आपण या गोष्टीकडे त्याग आणि माया म्हणून बघतो. ते होतंच. पण डॉक्टर म्हणून मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. ४२ वर्षांत सिस्टरांच्या पिढ्या बदलल्या. कुणी निवृत्त झाल्या, कुणी नव्या आल्या. कूस कशी बदलायची, कसं भरवायचं, त्वचा कुठे लाल होतेय हे कसं बघायचं, हे प्रत्येक जुन्या सिस्टरने नव्या सिस्टरला हाताला धरून दाखवलं असणार. नाहीतर इतकी वर्षं ते चाललंच नसतं. प्रेम एका माणसाबरोबर संपतं. शिकवलेलं काम मात्र पुढच्याच्या हातात जातं.

म्हणून माझी पहिली मागणी साधी आहे. नव्या सिस्टरला पहिले काही आठवडे एका अनुभवी सिस्टरशी जोडून द्या. त्या काळात तिला वॉर्डच्या संख्याबळात धरू नका, ती शिकणारी आहे. एकटीने रात्रपाळी द्यायची तर आधी तिच्या हातची कामं एकेक करून तपासा: इन्सुलिनचा डोस काढणं, रक्त चढवणं, बिघडणारा पेशंट ओळखणं. आणि शिकवणाऱ्या सीनियरला त्या कामाचा वेळ आणि मोबदला द्या. 'जमेल तसं शिकव' याला प्रशिक्षण म्हणत नाहीत.

इनचार्ज सिस्टर की स्टोअरकीपर?

कुठल्याही वॉर्डात इनचार्ज सिस्टर काय करते ते एकदा निरखून बघा. चादरी मोजते. औषधांचा इंडेंट भरते. कुठल्या पेशंटचं बिल अडकलंय ते बघते. इन्शुरन्सचे कागद शोधते. मशीन बंद पडलं की मेंटेनन्सला फोन लावते. वॉर्डातली सगळ्यात अनुभवी नजर दिवसभर रजिस्टरमध्ये अडकलेली असते.

खरं तर तिचं काम आहे सेनापतीचं. आज कुठला पेशंट बिघडण्याची शक्यता जास्त आहे, तो कुणाकडे द्यायचा, कुठली मुलगी गोंधळलेली आहे, पाळी बदलताना पेशंटजवळ उभं राहून नीट माहिती दिली जातेय का, हे तिने बघायचं. चादरी मोजायला कारकून ठेवता येतो. वीस वर्षांचा अनुभव बाजारात विकत मिळत नाही.

नर्सिंगमधलं हे नेतृत्व नवीन कल्पना नाही. फ्लॉरेन्स नाइटिंगेलला आपण हातात दिवा घेतलेली बाई म्हणून ओळखतो. पण ती आकडेवारी मांडून सरकारला जाब विचारणारी बाई होती, आणि १८६० मध्ये लंडनच्या सेंट थॉमस हॉस्पिटलमध्ये तिने परिचारिकांची प्रशिक्षण शाळा सुरू केली. आपण दिवा तेवढा लक्षात ठेवला, शाळा विसरलो.

गप्प बसण्याची किंमत

आता सगळ्यात अवघड मुद्दा. डॉक्टर चुकतोय असं सिस्टरला दिसलं तर ती बोलू शकते का?

१९७७ साली कॅनरी बेटांवरच्या टेनेरिफ विमानतळावर दोन जंबो विमानं धावपट्टीवर एकमेकांवर आदळली आणि ५८३ माणसं गेली. एका विमानातल्या फ्लाइट इंजिनियरने टेकऑफच्या वेळी शंका काढली होती की समोरचं विमान अजून धावपट्टीवरच तर नाही ना. कॅप्टन अतिशय सीनियर होता. त्याने शंका झटकून टाकली. यानंतर विमान कंपन्यांनी पायलट आणि त्याच्या सहकाऱ्यांना एकत्र प्रशिक्षण द्यायला सुरुवात केली. ज्युनियरने ठामपणे बोलायचं आणि सीनियरने ते ऐकायचं, हे त्यात मुद्दाम शिकवलं जातं.

वैद्यकशास्त्र हा धडा उशिरा शिकलं. २००५ मध्ये इंग्लंडमध्ये नाकाजवळच्या एका साध्या ऑपरेशनसाठी एका तरुण बाईला भूल दिली गेली आणि तिचा श्वासमार्ग बंद झाला. खोलीत अनुभवी डॉक्टर होते. ते पुन्हा पुन्हा तोंडातून नळी घालायचा प्रयत्न करत राहिले. एका सिस्टरने गळ्याला छेद देऊन श्वासमार्ग उघडण्याचं साहित्य आणून ठेवलं आणि ते तयार असल्याचं सांगितलं. दुसरीने आयसीयूत बेडची सोय केली, पण डॉक्टरांच्या चेहऱ्यावरचे भाव बघून ती रद्द केली. काय करायला हवं हे त्यांना कळलं होतं. वरचढ आवाजात सांगायचं कसं, हे मात्र माहीत नव्हतं. ती बाई काही दिवसांनी गेली. तिचा नवरा पायलट होता. त्याने पुढे आरोग्यसेवेतल्या अशा चुका टाळण्यासाठी मोठं काम उभं केलं.

उलट बाजूचंही उदाहरण आहे. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात शंभरहून अधिक आयसीयूंनी एकत्र येऊन मोठ्या रक्तवाहिनीत नळी घालताना पाळायच्या पाच साध्या गोष्टींची यादी वापरायला सुरुवात केली. हात धुणं हीसुद्धा त्यातलीच एक. महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. डॉक्टरने एखादी पायरी गाळली तर त्याला थांबवण्याचा अधिकार सिस्टरला देण्यात आला. २००६ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तीन महिन्यांत निम्म्या तरी आयसीयूंमध्ये अशा नळीमुळे होणारा रक्तातला जंतुसंसर्ग शून्यावर आला होता. नवं औषध नाही, नवं मशीन नाही. यादी, प्रशिक्षण आणि "सर, थांबा" म्हणण्याची मुभा.

आपल्याकडे किती सिस्टर "सर, थांबा" म्हणू शकतात? आणि म्हटलं तर दुसऱ्या दिवशी त्यांची ड्युटी कुठे लागते?

यावर उपाय आहेत, आणि ते महाग नाहीत. अमेरिकन नौदलाच्या पाणबुड्यांमधून आलेली माहिती देण्याची एक चार पायऱ्यांची पद्धत आता अनेक देशांतली हॉस्पिटलं वापरतात. आत्ता काय घडतंय, पेशंटची पार्श्वभूमी काय, मला काय वाटतंय, आणि तुम्ही काय करायला हवं. माझ्या त्या रात्रीच्या फोनला ही पद्धत लावून बघा: "सर, सात नंबरच्या आजींचा श्वास २८ आहे. मधुमेह आहे, लघवीचा जंतुसंसर्ग आहे, नेहमीचं बीपी १६० असतं ते आता ११० आहे, लघवी कमी झालीय. मला सेप्सिसची शंका येतेय. तुम्ही आत्ता येऊन बघावं." वीस सेकंद. हे ऐकून कुठला डॉक्टर कूस बदलून झोपेल?

दुसरी गोष्ट, गुण देण्याचा तक्ता. श्वास, ऑक्सिजन, बीपी, नाडी, ताप आणि शुद्ध यांना गुण द्यायचे. इंग्लंडमध्ये २०१२ पासून असा तक्ता प्रचारात आहे. त्यात श्वास २८ असेल तर त्या एकाच आकड्यावर डॉक्टरने तातडीने येऊन बघायचं असा नियम आहे. मग सिस्टरला भीड बाळगायचं कारणच उरत नाही. तक्ताच बोलतो.

तिसरी गोष्ट, सराव. हृदय बंद पडलेल्या पेशंटला वाचवायचं तर डॉक्टर, सिस्टर, वॉर्डबॉय सगळ्यांनी मिळून तालीम करावी लागते. नाटकवाले तालमीशिवाय पडदा उघडत नाहीत. आम्ही मात्र माणसाच्या जिवावर पहिला प्रयोग करतो.

"परवडत नाही हो"

मालक मंडळींचे तीन आक्षेप मला पाठ आहेत.

पहिला, "शिकवून काय उपयोग? त्या गल्फला जातात." जातात, खरं आहे. पण का जातात? खासगी हॉस्पिटलांमधल्या परिचारिकांच्या पगाराचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला होता. त्यानंतर २०१६ मध्ये नेमलेल्या समितीने पन्नासपेक्षा कमी खाटांच्या हॉस्पिटलातही महिन्याला २०,००० रुपयांपेक्षा कमी पगार नसावा अशी शिफारस केली. तुमच्या ओळखीच्या एखाद्या सिस्टरला विश्वासात घेऊन विचारा की तिला आज काय मिळतं. जिथे पगार नाही, शिकायला नाही, वर मान नाही, तिथे माणूस थांबेल कशाला?

दुसरा, "जास्त सिस्टर ठेवल्या तर बिल वाढेल." बिलात 'नर्सिंग चार्जेस' नावाची ओळ आजही असते. तिच्यातलं किती सिस्टरपर्यंत पोचतं? आणि कमी सिस्टर ठेवण्याचाही खर्च असतोच, तो फक्त पेशंट भरतो. अमेरिकेत २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात दिसलं की सिस्टरमागे एक पेशंट वाढला की ऑपरेशन झालेल्या पेशंटच्या मृत्यूची शक्यता ७ टक्क्यांनी वाढते. पुढे युरोपातल्या नऊ देशांतल्या अभ्यासातही तसंच दिसलं. असे अभ्यास कारण आणि परिणाम शंभर टक्के सिद्ध करत नाहीत, हे मान्य. पण दोन खंडांत एकच चित्र दिसत असेल तर डोळेझाक करणं हा शहाणपणा नाही.

तिसरा आक्षेप कुणी उघड बोलत नाही, पण तो सगळ्यात खोल आहे: "सिस्टरने डॉक्टरला शिकवायचं का?" हो. तिने बघितलेलं तिने सांगायचं आणि डॉक्टरने ऐकायचं. यात कुणाचा मान जात नाही, पेशंटचा जीव मात्र जाऊ शकतो.

आणि एक कबुली आमच्या बिरादरीतर्फे. कितीतरी छोट्या हॉस्पिटलांत पांढरा कोट घातलेली 'सिस्टर' ही नर्सिंग शिकलेलीच नसते. सहा महिन्यांचा कुठलातरी कोर्स, किंवा तोही नाही. त्या मुलींचा यात दोष नाही, त्या पोटासाठी काम करतात. दोष त्यांच्या हातात इंजेक्शन देणाऱ्यांचा आहे.

तुम्ही काय करू शकता?

तुम्ही ग्राहक आहात, आणि हॉस्पिटलं ग्राहकाच्या प्रश्नांना घाबरतात. म्हणून पुढच्या वेळी ॲडमिशनच्या काउंटरवर नम्रपणे विचारा:

१. रात्री या वॉर्डात एका सिस्टरकडे किती पेशंट असतात? भारतीय परिचर्या परिषदेचा निकष साध्या हॉस्पिटलच्या जनरल वॉर्डसाठी पाच पेशंटमागे एक असा आहे. उत्तर पंधरा-वीस आलं तर काय ते समजा.

२. पेशंटची काळजी घेणाऱ्या सिस्टर नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणीकृत आहेत का?

३. नवीन सिस्टरबरोबर सीनियर असते का?

४. पेशंट अचानक बिघडला तर सिस्टर कुणाला बोलावते, आणि तो किती मिनिटांत येतो?

पहिल्यांदा विचाराल तेव्हा काउंटरवरचा माणूस बावचळेल. दहाव्या माणसाने विचारलं की मात्र हा प्रश्न मालकाच्या टेबलावर जाईल.

आणि काही गोष्टी आपल्या हातातल्या. सिस्टर औषधं काढत असते तेव्हा तिला हाक मारू नका, चुका त्याच क्षणी होतात. बेल वाजवली तर "लवकर या" एवढंच न म्हणता नेमकं सांगा: "बाबा नेहमीपेक्षा जोरात श्वास घेतायत", "आई सकाळी ओळखत होती, आता ओळखत नाहीये". तुमचा माणूस नेहमी कसा असतो हे तुमच्याइतकं कुणालाच माहीत नसतं. सिस्टर म्हणाली की "मला काळजी वाटतेय", तर तिला साथ द्या, डॉक्टरांना बोलवायचा आग्रह धरा. डॉक्टरवरचा राग तिच्यावर काढू नका. आणि तिचं नाव विचारून घ्या.

२०२० मध्ये आपण बाल्कनीत उभं राहून थाळ्या वाजवल्या. दर १२ मे ला परिचारिका दिनी आम्ही गुलाबाची फुलं वाटतो, केक कापतो, त्यांना 'देवदूत' म्हणतो. देवदूत म्हटलं की बरं असतं, देवदूताला पगार लागत नाही, झोप लागत नाही आणि शिकवावंही लागत नाही. मला वॉर्डात देवदूत नकोत. मला शिकलेली, पुरेशी झोप झालेली, पाठीशी सीनियर असलेली आणि रात्री दोन वाजता मला न घाबरता फोन करणारी सिस्टर हवी आहे.

त्या आजींनंतर मी एक नियम पाळतो. माझ्या पेशंटसाठी रात्री आलेल्या कुठल्याही फोनवर माझं पहिलं वाक्य असतं, "बरं झालं फोन केलात, सांगा." दहापैकी आठ वेळा काही गंभीर नसतं. उरलेल्या दोन वेळांसाठी मी ती झोप आनंदाने मोडतो. तुमचे डॉक्टर काय म्हणतात, ते एकदा तुमच्या वॉर्डच्या सिस्टरना विचारून बघा.